पेटी आणि कॅसेट

रत्नागिरीत सिनेमा पेटीतून यायचा. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर नाझ सिनेमाच्या इमारतीत वितरकांची ऑफिसं होती. तिथून निघालेली पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढायची आणि कशेडी, परशुराम असे घाट पार करत आमच्या स्टँडवर उतरायची. त्याच्याही आधी ती बोटीने यायची, असं आमच्या टॉकीजचे ऑपरेटरकाका सांगत. पावसाळ्यात बोट बंद, घाटात दरड, मग पिक्चर लांबणीवर. ‘पेटी आली नाही’ एवढा खुलासा लोकांना पुरत असे. कुणी भांडायचं नाही. पेटी म्हणजे जणू पाहुणा. येईल तेव्हा येईल.

अडीच तासांच्या पिक्चरची ३५ मिलिमीटरची फिल्म साडेतेरा हजार फूट भरते, म्हणजे चार किलोमीटरच्या वर. स्टँडपासून मांडवीपर्यंत अंथरली तरी वर उरेल. ही सगळी लांबी रिळांना गुंडाळून यायची, आणि आमच्याकडे यायच्या आधी मुंबई-पुणे-कोल्हापूर फिरून झिजलेली असायची. पडद्यावर उभ्या रेघा दिसू लागल्या की मागच्या बाकांवरून आवाज यायचा, ‘पाऊस लागला रे!’ जुनी रंगीत प्रिंट असली तर निळा-हिरवा रंग उडून सगळा पिक्चर गुलाबी झालेला असायचा. कितीतरी नट्या मी आधी गुलाबीच पाहिल्या.

ऑपरेटरकाकांच्या केबिनमध्ये मला जाऊ देत, कारण मी त्यांचा डबा नेऊन देत असे. आत दोन मशिनं. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटवायची आणि कांड्या जळून आखूड होतील तसं त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळायचं. लक्ष हटलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला पडदा तिकडे द्यायचा. हा चेंजओव्हर प्रेक्षकाला कळला नाही तर ऑपरेटर चांगला. काकांनी जन्मभर केलेलं काम कुणाला कळू नये, हीच त्यांच्या कामाची परीक्षा होती.

फिल्म तुटली की दोन्हीकडची खराब चित्रं कापून फिल्म-सिमेंटने जोड मारायचा. कापलेले तुकडे आम्हा पोरांना मिळत. भर उन्हात कवडशासमोर तुकडा धरायचा, पुढे भिंग, आणि काळोख्या पडवीच्या भिंतीवर हेमामालिनी उलटी उभी. मशीन नको, वीज नको. फिल्म नुसती उजेडाकडे धरली तरी तिच्यात काय आहे ते दिसतं. पुढे मी चाळीसेक वर्षं टेपच्या धंद्यात काढली, आणि या एका गोष्टीचं महत्त्व मला तिथे कळलं. टेप उजेडाकडे धरून बघा. चॉकलेटी पट्टी दिसेल, बाकी काही नाही.

गावोगावचा सिनेमा तंबूतला. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यामुळे तंबूचा हंगाम दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. संक्रांतीला मारळच्या मार्लेश्वराची जत्रा असली की गर्दी ठरलेली. कधी सरकारी गाडी यायची, १६ मिलिमीटरचं मशीन घेऊन, शाळेच्या भिंतीवर चादर ताणून कुटुंबनियोजन आणि भातशेती दाखवायची. फुकट असूनही लोक तंबूकडेच जास्त धावत. मला यात आश्चर्य वाटत नाही.

मग व्हिडिओ आला. त्याचा इतिहास लिहिणारे १९८२ साल देतात: एशियाड, रंगीत दूरदर्शन, आयातीची सवलत. मुंबई-दिल्लीसाठी ते बरोबर. पण मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालं तरी सव्वादोनशे किलोमीटरवर, डोंगरांच्या आड बसलेल्या आम्हाला त्याचं काय? ॲन्टेना कितीही उंच केला तरी पडद्यावर मुंग्याच. आमच्याकडे व्हीसीआर उतरला तो आखातातून. राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला इथली माणसं कुवेत-दुबईला कामाला होती. ती सुट्टीवर येताना कंबलं, अत्तरं, टेपरेकॉर्डर आणत, तसा हाही आला. आणि त्याच्यासोबत टीव्ही आला. म्हणजे काही घरांत टीव्ही आला तेव्हा त्यावर दिसण्यासारखं काही नव्हतंच. तो आणला होता व्हिडिओ बघायला. देशात इतरत्र आधी टीव्ही मग व्हिडिओ. आमच्याकडे हा क्रम उलटा.

दुसरी वाट मुंबईची. गिरगाव, परळ, लालबागला राहणारा चाकरमानी गणपतीला येताना मंडळातर्फे मशीन भाड्याने घेऊन येऊ लागला. पुढे ही मशिनं रत्नागिरीतच भाड्याने मिळू लागली आणि त्या धंद्यात मीही शिरलो. टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेटी, वाडीत वीज नसेल तर जनरेटर, आणि सोबत मशीनवाला पोरगा. रात्रीचं एकच ठरलेलं भाडं.

ही रात्र कुठली, ते महत्त्वाचं आहे. बहुतेक वेळा ती सत्यनारायणाच्या पूजेची असे. वाडीची सार्वजनिक पूजा, गणपतीतला जागर, शिमग्यानंतरचा एखादा कार्यक्रम. पूर्वी त्या रात्री भजनाची बारी असे, नाहीतर जाखडीचा नाच, नाहीतर नमनाचा खेळ. आता पत्रिकेवर छापून येऊ लागलं: ‘रात्रौ १० वाजता व्हिडिओ’. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण चटईवर पुढची जागा त्यांनीच धरली. पहिला पिक्चर देवाचा किंवा मराठी, दुसरा मारामारीचा, तिसरा पहाटे, तोवर निम्मी वाडी अंगणातच झोपलेली. टीव्ही वीस इंची आणि समोर माणसं दीडशे. पडदा नव्हे, देव्हाराच म्हणा.

म्हणून व्हिडिओने सिनेमा मारला, हे वाक्य मला रत्नागिरीच्या बाबतीत पटत नाही. टॉकीजला माणसं जातच होती. १९९१ साली ‘माहेरची साडी’ला खेड्यांतून बायका टोळ्यांनी आल्या. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’च्या निर्मात्यांनी व्हिडिओ कॅसेट मुद्दाम काढलीच नाही, तेव्हा ज्यांनी टॉकीजकडे पाठ फिरवली होती तेही पुन्हा रांगेत उभे राहिले. आमच्याकडे व्हिडिओने जागा घेतली ती भजनाची आणि जाखडीची. तो टॉकीजच्या नव्हे, जागराच्या घराण्यातला.

सरकारला मात्र तो सिनेमाच वाटला. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात चित्रपटाच्या व्याख्येत व्हिडिओ फिल्म घातली गेली, चोरट्या कॅसेटींसाठी शिक्षा वाढली, कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राचा तपशील छापणं बंधनकारक झालं. कागदावर फिल्म आणि टेप एक झाल्या. व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या फळ्यांवर तो कायदा किती पोचला हे ज्याचं त्याला ठाऊक.

आमचा खरा शत्रू कायदा नव्हता, हवा होती. व्हीसीआरमध्ये एक ड्यू सेन्सर असतो. आत दमटपणा जाणवला की मशीन चालायला नकार देतं, कारण ओल्या ड्रमला टेप चिकटून बसते. हे मशीन बनवणाऱ्या जपान्याने जुलै महिन्यातली रत्नागिरी पाहिली नसावी. पावसाळ्यात ऑर्डर असली की आम्ही संध्याकाळपासून मशीन साठच्या बल्बखाली शेकत बसायचो. कॅसेटींना पांढरी बुरशी धरायची; ती हेडवर बसली की चित्रात नुसत्या मुंग्या. मग स्पिरिट आणि मऊ कातडं. काही जण नवी करकरीत नोट घासत. तसं करू नये, हेड जातं. पण करत.

आता जरा चित्राबद्दल. फिल्म सेकंदाला २४ चित्रं दाखवते. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५. फिल्म टेपवर उतरवताना सोपा मार्ग म्हणजे तिला तेवढंच जलद पळवायचं. त्यामुळे तीन तासांचा पिक्चर सात मिनिटं आधी संपतो, आणि प्रत्येकाचा आवाज जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. भजनाच्या बुवांनी एकदा पूजेला बसल्या बसल्या हार्मोनियमवर सूर लावून हे मला दाखवलं होतं: रेडिओवरची लताबाई आणि कॅसेटमधली लताबाई एका पट्टीत नाहीत. शिवाय रुंद पडद्याचा पिक्चर चौकोनी टीव्हीत मावेना, म्हणून दोन्ही कडा छाटलेल्या. ‘शोले’त कडेला उभा असलेला माणूस कॅसेटमध्ये नुसता बोलतो, दिसत नाही. कलेच्या दृष्टीने बघाल तर ही मोडतोडच होती.

पण याच मोडक्या यंत्राने एक गोष्ट दिली जी काकांच्या केबिनमध्येही नव्हती. पिक्चर थांबवता येऊ लागला. मागे नेता येऊ लागला. गणेशोत्सवाच्या गॅदरिंगसाठी नाच बसवणाऱ्या मुली दुकानात येऊन म्हणायच्या, ‘दादा, तेवढंच परत लावा ना, डावा पाय आधी की उजवा?’ पाच-सहा वेळा तोच तुकडा मागे-पुढे. त्यांना नाच शिकायचा होता, पण बघता बघता त्यांना कळू लागलं की मधेच कॅमेऱ्याची जागा बदलली आहे, की नटीचा गिरकी घेणारा पाय आणि चेहरा एकाच वेळी कधी दिसतच नाही. एकीने सरळ विचारलं, ‘हे पाय दुसरीचे तर नाहीत?’ जाँ-लुक गोदार हा फ्रेंच दिग्दर्शक त्याच सुमारास, १९८८ ते १९९८ या काळात, जुने सिनेमे व्हिडिओवर थांबवून, एकावर एक चढवून सिनेमाचा इतिहास व्हिडिओतच रचत होता, आठ भागांत. मला त्याचं नाव फार उशिरा कळलं. त्याने जे केलं ते मोठंच, पण थांबवल्याशिवाय सिनेमा नीट दिसत नाही, एवढी गोष्ट आमच्या मुलींना तेव्हाच उमगली होती.

नव्वदच्या आगेमागे मी भाड्याचा धंदा कमी करून शूटिंगकडे वळलो. पॅनासॉनिकचा खांद्यावर ठेवायचा कॅमेरा, त्यात पूर्ण आकाराची व्हीएचएस कॅसेट. हेल्परच्या हातात हजार वॅटची सनगन. ती पेटली की भटजींच्या टाळूवर घाम. व्हीएचएसला लाल रंग सोसत नाही. तो कडेला सांडतो, वितळल्यासारखा पसरतो. आता लग्नात लाल नाही तर काय असणार? वधूचा शालू, कुंकू, अंतरपाटावरचं स्वस्तिक, सगळं वाहत जायचं. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री मात्र सुरेख यायची. म्हणून मी मुहूर्ताआधीच्या विधींत जास्त टेप घालवायचो. लोकांना वाटायचं मला धार्मिक आवड आहे.

फिल्म महाग, म्हणून फिल्मवर कोण दिसणार ते दुसरीकडे ठरत असे. रत्नागिरीचा सामान्य माणूस फिल्मवर आला असेल तर गर्दीत. टेप स्वस्त, तीन तासांची, धुवायला लॅब नको. लगेच दाखवता येते. पंगतीत वाढणारी काकू, कोपऱ्यात बसलेली विधवा आत्या, मांडवात धावणारी पोरं, सगळे चित्रात आले. कॅमेरा समोर आला की माणसं आधी फोटोसारखी ताठ उभी राहायची. ‘हला जरा, बोला काहीतरी’ असं सांगावं लागे. आणि संध्याकाळी टीव्हीवर स्वतःला बघून एक आजी म्हणाली होती, ‘मी एवढी वाकून चालते होय?’ आरशात ते कधी दिसलं नव्हतं.

जाखडीचं शूटिंग सर्वांत अवघड. मधोमध गाणारे आणि ढोलकीवाला बसलेले, भोवती नाचणारे बाल्ये घुंगरू बांधून गोल फिरताहेत, प्रेक्षक चारही बाजूंना. कॅमेऱ्याला एकच बाजू. कुठूनही उभा राहा, निम्मे नाचणारे पाठमोरे. मी सुरुवातीला त्यांच्या उलट दिशेने गोल फिरायचो, केबल हेल्परच्या गळ्यात. पण हळूहळू मंडळांनीच तोड काढली: गोल उघडला, नाचणारे एका बाजूला तोंड करून ओळीत आले. मुंबईच्या नाट्यगृहांत जाखडीतले शक्ती-तुऱ्याचे सामने रंगमंचावर होऊ लागले होते, त्याचाही हा परिणाम आहेच. पण कॅमेऱ्याने ती सवय वाडीपर्यंत आणली. लोककला जतन करायला शूटिंग करतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढे व्हीसीडी आल्यावर एस.टी. स्टँडवर नमन आणि शक्ती-तुऱ्याच्या डिस्क मिळू लागल्या. त्यांत तर सरळ बागेत शूट केलेली गाणी होती, गवळणी जीन्सच्या दुकानासमोरून जाताना.

शहरातल्या चित्रकारांनीही या दोन माध्यमांची ओढाताण केली, पण निराळ्या हेतूने. १९६९ साली अकबर पदमसी यांनी मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं. चित्रकारांच्या हाती कॅमेरा देण्यासाठी. तरुण नलिनी मलानी तिथे फिल्मवर प्रयोग करत होत्या. तीसेक वर्षांनी, पोखरणच्या १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर, त्यांनी मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ कथेवरून मांडणी केली. त्यात टीव्ही ठेवले होते पत्र्याच्या ट्रंकांत, फाळणीत लोक सामान घेऊन निघाले तशा. मी त्या मांडणीचे फोटो पाहिले आणि मला पहिल्यांदा आठवली ती टपावरची पेटी. माहितीपटकार आनंद पटवर्धनांचं उदाहरण माझ्या जास्त जवळचं. १९८५ चा ‘बॉम्बे: अवर सिटी’ १६ मिलिमीटरवर, तिथे चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर सुरू केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांनी व्हिडिओवर केला आणि त्यावर चौदा वर्षं घालवली. त्यातले शाहीर गाणं पूर्ण गातात. अकरा मिनिटांच्या हिशेबात शाहीर बसत नाही. आम्हा जाखडीवाल्यांना हे सांगायला नको. आणि मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी तर ‘मालेगाव के शोले’ हा अख्खा पिक्चरच व्हिडिओवर काढून दाखवला. असा कुणी रत्नागिरीला का निघाला नाही, याचं मला वाईट वाटतं. हौस होती. बहुतेक आमची सगळी हौस नाटकात जाते.

टॉकीजमधली फिल्म गेली ती फार गाजावाजा न होता. २०१० च्या पुढे दोन-चार वर्षांत पेटी येणं थांबलं, सॅटेलाइट आणि हार्डडिस्क आली. आता मोठ्या पडद्यावर जे दिसतं तेही एका अर्थी व्हिडिओच. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात महाराष्ट्रातल्या तंबू सिनेमावाल्यांचं हे बदलणं दाखवलं आहे; कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. तोही डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेला आहे. काका असते तर यावर नुसते हसले असते.

आता माझ्याकडे लोक जुन्या कॅसेटी घेऊन येतात, पेनड्राइव्हवर घालून द्या म्हणून. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आजही पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहे आणि बघता येतो; १९९२ चं लग्न बघायला मला तीन मशिनं मोडून एक करावं लागतं. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं बंद केलं, त्यानंतर नवं मशीन नाही. चोरबाजारातून भाग आणतो. बुरशी आलेली कॅसेट उघडून रीळ नव्या डबीत बसवतो, हळूहळू पुसत पुढे नेतो.

अनेकदा आत लग्न नसतंच. कॅसेटच्या पाठीला एक छोटी टॅब असते. ती मोडली की त्यावर दुसरं भरता येत नाही. पण भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा येतं, आणि चिकटपट्टी प्रत्येक घरात होती. नवी कॅसेट घेण्यापेक्षा घरातली भरणं स्वस्त. त्यामुळे लग्नावर ‘रामायण’, ‘रामायणा’वर १९९६ चा वर्ल्ड कप. मॅच संपते, क्षणभर मुंग्या, आणि मग अचानक वरातीची शेवटची चार मिनिटं. फिल्म घासली जाते, गुलाबी होते, जळते, पण तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. टेपला ती सोय आहे. लग्नवाले मात्र हळहळतात. परवा एक बाई आईचा आवाज तरी सापडेल का म्हणून दिवसभर बसून होत्या. शेवटी मिळाला, ‘जिलबी वाढा गं’ एवढाच. त्यांनी तेवढा तुकडा मोबाइलवर घेतला.

नमनवाल्यांचं तसं नाही. संगमेश्वराकडच्या एका मंडळाचं १९९३ चं नमन माझ्याकडे शाबूत निघालं. संकासुराची ती काळी उंच टोपी, मृदंग, गवळण, सगळं. मी आनंदाने फोन केला, घेऊन जा म्हटलं. मंडळाचे प्रमुख म्हणाले, ‘असू दे भाऊ तुमच्याकडेच. तुम्ही शिमग्याला या कॅमेरा घेऊन. यंदा संकासुर नवा आहे, पोरगा झकास नाचतो.’ तारीख त्यांनी दिली आहे. गाडीभाडं वेगळं मिळणार का, ते तेवढं ठरायचं आहे.